मोफत रात्रीचे यजमान

१

गोव्याच्या बार्देस तालुक्यातील हणजुणे आणि वागातोर या शेजारशेजारच्या गावांच्या किनाऱ्यावर १९७० नंतरची सुमारे तीस वर्षे, पावसाळा सरल्यापासून उन्हाळा लागेपर्यंत, रात्र रात्र उघड्यावर संगीत चालत असे. या रात्रींना तिकीट नव्हते, कुंपण नव्हते आणि दारावर कोणी उभा नव्हता. पौर्णिमा, नाताळ आणि नववर्ष हे त्यांचे ठरलेले मुहूर्त. पुढे ज्या संगीताला जगभर 'गोवा ट्रान्स' या नावाने ओळखले जाऊ लागले, ते याच वाळूवर आणि माडांखाली आकारास आले. या रात्रींविषयी जे लिहिले गेले त्याचे ठळकपणे दोन प्रकार पडतात. एक हरपलेल्या नंदनवनाचा शोक करणारा, आणि दुसरा अनाचाराची यादी देणारा. दोन्ही प्रकारांत एक साधा प्रश्न मागे पडतो. ज्या रात्रीला प्रवेशमूल्य नाही, तिचा खर्च कोणी सोसला? त्या रात्रीचा यजमान कोण होता?

'यजमान' हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. यजमान म्हणजे मुळात यज्ञ करविणारा. यज्ञाचा खर्च त्याचा, फळ त्याचे, आणि विधीत उणे राहिले तर दोषही त्याचाच. पाहुण्यांचे स्वागत करणारा हा त्याचा आजचा अर्थ या मूळ अर्थातूनच आला आहे. लोककलेच्या अभ्यासात कलावंताचा विचार पुष्कळ होतो, प्रेक्षकाचाही अलीकडे होऊ लागला आहे. यजमानाचा मात्र क्वचितच होतो. खुल्या रात्री टिकतात कशा आणि संपतात कशा, हे समजून घ्यायचे तर त्याच्यापासूनच प्रारंभ केला पाहिजे.

२

बिनतिकिटाची रात्र ही भारताच्या खेड्यांना परदेशी पाहुण्यांनी दिलेली देणगी नव्हे. रायपूर शहराच्या उत्तरेला लागून असलेले बीरगांव आज उरला आणि सिलतरा येथील कारखान्यांच्या धुरामुळे ओळखले जाते. परंतु ज्या छत्तीसगडी प्रदेशात ते वसले आहे, त्याची खरी रंगभूमी म्हणजे 'नाचा'. गावाच्या मोकळ्या जागेत रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारा, गाणे, नृत्य आणि प्रहसन यांनी भरलेला हा खेळ. त्यातील विनोदी पात्राला जोक्कड म्हणतात, आणि स्त्रीची भूमिका करणाऱ्या पुरुषाला परी. त्यातल्या प्रहसनाला 'गम्मत' हेच नाव आहे, आणि ते मराठी कानाला परके वाटत नाही. १८५४ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता. त्या काळात मराठी फौजांबरोबर आलेल्या तमाशाचा नाच्याच्या जडणघडणीत वाटा असावा, असा तर्क केला जातो.

नाच्याच्या आधुनिक इतिहासात सर्वांत मोठे नाव राजनांदगावजवळच्या रवेली गावचे मालगुजार दाऊ दुलारसिंह साव, म्हणजे दाऊ मंदराजी यांचे आहे. १९२७-२८ च्या सुमारास त्यांनी विखुरलेले कलावंत एकत्र करून 'रवेली नाचा पार्टी' उभी केली. मशालीच्या जागी पेट्रोमॅक्सची बत्ती आणि चिकाऱ्याच्या जागी हार्मोनियम त्यांच्याच काळात आली. पण मंदराजींची गोष्ट कलेच्या सुधारणेपुरती नाही. खेडुतांपुढे उभ्या राहणाऱ्या या रात्रींसाठी त्यांनी आपली शेती आणि संपत्ती खर्चून टाकली आणि १९८४ साली निर्धन अवस्थेत त्यांचे निधन झाले. त्यांच्या पार्टीतले मदन निषाद, लालूराम, ठाकुरराम यांच्यासारखे नट रायपूरचे सुपुत्र हबीब तन्वीर यांच्या 'नया थिएटर'मध्ये गेले आणि दिल्लीपासून युरोपपर्यंत गाजले. यजमान मात्र रवेलीतच राहिला. आज छत्तीसगड शासन त्यांच्या नावाने सन्मान देते. ही परतफेड उशिराची आहे, पण यजमान कोण होता याचा विसर तिथे पडलेला नाही, एवढे तिच्यावरून दिसते.

खुद्द गोव्यात आणि त्याला लागून असलेल्या सिंधुदुर्गात रात्रीच्या खेळाची परंपरा आणखी दाट आहे. जत्रेच्या रात्री देवळासमोर उभा राहणारा दशावतार मध्यरात्रीच्या आसपास रंगू लागतो. आडदशावतारात संकासुर येऊन गावाची टिंगल करून जातो, मग आख्यान लागते. पखवाज, झांज आणि पायपेटी पहाटेपर्यंत थांबत नाहीत, आणि शेवट दहीकाल्याने होतो. पौष महिन्यात स्त्रिया मांडावर धालो खेळतात. मांड ही गावातली राखलेली, पवित्र मानलेली जागा. तिला जमवून घेतल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. आणि हणजुण्याच्या शेजारीच असलेल्या शिवोलीत दर वर्षी नाताळनंतरच्या दिवसांत जागर होतो. त्यात हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही झागऱ्यो या राखणदाराला मेणबत्त्या आणि तेल अर्पण करतात आणि एकाच मांडावर रात्र जागवतात.

या सर्व रात्रींना तिकीट नाही. पण त्या फुकट आहेत असे म्हणणे चुकीचे ठरेल. दशावतारात देवस्थान किंवा गावकरी बिदागी देतात, आणि खेळात आरतीचे ताट प्रेक्षकांमधून फिरते. जागरात गावाचे वाडे आणि घराणी आपापला वाटा उचलतात. नाच्यात खेळ बोलावणारे गाव किंवा मंदराजींसारखा एखादा दाऊ भार घेतो. तात्पर्य, खर्च ठरलेला असतो, तो उचलणारा ठाऊक असतो, आणि कोणाची झोप मोडणार असेल तर ती मोडण्याचा अधिकारही गावाने स्वतःच दिलेला असतो.

३

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत पाश्चात्त्य देशांतले भटके तरुण खुष्कीच्या मार्गाने भारतात येऊ लागले आणि थंडीसाठी गोव्याच्या किनाऱ्यावर उतरू लागले. कळंगूट येथे वर्दळ वाढली तसे ते उत्तरेकडे बागा, हणजुणे, वागातोर आणि हरमल येथे सरकले. त्यांच्यातील आद्य मानला जाणारा यर्टवर्ड मझमानियन हा अर्मेनियन वंशाचा अमेरिकन 'एट फिंगर एडी' या टोपणनावाने प्रसिद्ध होता. जन्म १९२४, मृत्यू २०१० साली गोव्यातच. त्याने हणजुण्याला मोफत जेवणाचे सूपगृह चालविले. परतीचे पैसे संपलेल्या प्रवाशांना आपल्या वस्तू विकता याव्यात म्हणून तेथील आठवड्याच्या बाजाराची कल्पनाही त्याचीच, असे सांगितले जाते. या वसाहतीत यजमानपण होते. फक्त ते आपसातले होते. गावाशी त्याचे नाते भाड्याच्या खोलीपुरते.

प्रारंभीच्या रात्रींत गिटार आणि ढोल होते, नंतर रॉक आणि रेगे वाजविणारे वाद्यवृंद आले. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मात्र मोठा पालट झाला. जिवंत वाद्यवृंदाची जागा कॅसेट वाजविणाऱ्या दोन यंत्रांनी घेतली. ग्रामोफोनच्या तबकड्या किनाऱ्यावरच्या उन्हाला आणि धुळीला टिकत नसत, म्हणून येथील वादक युरोप-अमेरिकेतून निवडून आणलेले इलेक्ट्रॉनिक संगीत कॅसेटवर, आणि पुढे डॅट नावाच्या अंकीय फितीवर, उतरवून घेत. लॉरां या फ्रेंच वादकाचे नाव या पालटाशी जोडले जाते. फिती कापून-जोडून गाण्यांतले शब्द काढून टाकायचे आणि केवळ ताल व नाद शिल्लक ठेवायचे, ही त्याच्या आणि त्याच्या साथीदारांच्या कामाची ओळख ठरली.

या तालाचे मूळ गोव्यात नव्हते. अमेरिकेतील शिकागो शहरात १९७७ साली सुरू झालेल्या 'वेअरहाउस' या नृत्यशाळेत फ्रँकी नकल्स हा वादक, प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुणांच्या मेळाव्यासाठी, डिस्कोच्या तबकड्या नव्या रीतीने वाजवू लागला. त्या जागेच्या नावावरूनच 'हाउस' हे नाव रूढ झाले. मिनिटाला साधारण १२० ते १३० समान ठोके हे त्याचे अंग. हणजुण्यात या तालाला युरोपातील यंत्रसंगीत मिळाले, वेग वाढला, पौर्वात्य वळणाच्या स्वरावली आल्या आणि एक निराळी शाखा फुटली. गिल्बर्ट लेव्ही, म्हणजे 'गोवा गिल', हा तिचा सर्वांत परिचित पुरस्कर्ता. कॅलिफोर्नियात १९५१ साली जन्मलेला हा संगीतकार १९७० च्या सुमारास गोव्यात आला. जुना आखाड्याच्या साधूंकडून त्याने दीक्षा घेतली आणि नृत्य हे ध्यानाचेच रूप आहे असे तो आयुष्यभर सांगत राहिला. त्याचे वादन चोवीस तासही चाले. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याचे निधन झाले.

या रात्रींचे स्थळवर्णन अनेकांनी केले आहे. हणजुण्याची बांबूची राई, वागातोरची 'डिस्को व्हॅली' म्हणून ओळखली जाणारी घळ, अंगाला चमकणारे रंग लावलेली झाडे, आणि नाचाच्या जागेभोवती वर्तुळाने मांडलेल्या चटया. त्या चटया गावातल्या आणि आसपासच्या स्त्रियांच्या होत्या. रॉकेलचा दिवा, स्टोव्ह, चहाचे भांडे, पाव-आम्लेट आणि केक एवढ्या साहित्यावर या स्त्रिया संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत बसून राहत. नाचणारा थकला की चटईवर येऊन पडे. कोणी झोपे, कोणी आजारी पडे. रात्रीचा उजेड, ऊब आणि पाणी तिथेच मिळे. संगीत फुकट होते. विकत होता तो केवळ चहा. या रात्रींच्या बऱ्याचशा इतिहासांत या स्त्रिया पार्श्वभूमीतल्या दिव्यासारख्या येतात. प्रत्यक्षात गावाकडून जर कोणी या रात्रींचे यजमानपण केले असेल तर ते त्यांनी. त्या पैसे घेत हे खरे, पण दशावताराच्या आरतीत पडणाऱ्या नाण्यांपेक्षा त्याचे स्वरूप फार निराळे नव्हते.

उरलेल्या खर्चाचा हिशोब इतका निर्मळ नाही. ध्वनियंत्रणा आणि जनित्र भाड्याने येत असे आणि त्याचे पैसे कोणी पदरचे घाली, कोणी वर्गणीने जमवी, कोणी मद्याच्या विक्रीतून काढी. अमली पदार्थांच्या व्यापारातूनही या जीवनक्रमाला पैसा पुरविला गेला, हे क्लिओ ऑड्झर या अमेरिकन स्त्रीने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत स्वतःच सांगितले आहे. खेळ चालू राहावा म्हणून द्यावे लागणारे 'बक्षीस' हाही त्या अर्थव्यवस्थेचा भाग होता, असे अभ्यासकांनी नोंदले आहे. म्हणजे खर्च होता, पण तो उचलणारा उघडपणे पुढे येऊ शकत नव्हता. यजमानाला नाव नव्हते.

मोफत असूनही या रात्री सर्वांच्या होत्या काय, हा प्रश्न अरुण साल्दान्हा यांनी 'सायकेडेलिक व्हाइट' (२००७) या ग्रंथात विचारला. हणजुण्यात दीर्घकाळ राहून त्यांनी जे पाहिले त्याचे सार असे: दार नसलेल्या या जागेतही माणसे रंगाप्रमाणे वेगळी होत. रात्री भारतीय पर्यटक असत. सूर्य वर आला आणि नाच ऐन भरात आला की मैदान जवळपास गोऱ्यांचेच होई. कोणी कोणाला बाहेर काढत नसे. पोशाख, नजरा, नाचण्याची रीत आणि ऊन सहन करण्याची सवय एवढ्यानेच निवड होत असे. साल्दान्हांचा निष्कर्ष काहींना कठोर वाटला, तरी त्यांनी दाखविलेली गोष्ट महत्त्वाची आहे. तिकीट नसणे आणि आमंत्रण असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

४

येथे एका शब्दाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. छत्तीसगडात 'पार्टी' म्हणजे खेळ करणाऱ्यांचा संच. रवेली नाचा पार्टी हे माणसांच्या समूहाचे नाव आहे. हणजुण्यात 'पार्टी' हे रात्रीचेच नाव झाले. पहिल्या अर्थात जबाबदार माणसे आहेत. दुसऱ्या अर्थात फक्त प्रसंग आहे.

दुसरा भेद भाषेचा. नाचा, दशावतार आणि जागर हे शब्दांचे खेळ आहेत. जोक्कड मालगुजारासमोर उभा राहून त्याचीच खोड काढतो; संकासुर गावच्या पुढाऱ्याला सोडत नाही. गाव हसते आणि त्या हसण्यात आपली भांडणे जिरवते. हणजुण्याच्या संगीताने शब्द कापून टाकले. त्यामुळे इस्रायली, जर्मन, जपानी आणि इंग्रज यांना एकत्र नाचता आले, आणि ही या संगीताची मोठी सिद्धीच म्हटली पाहिजे. परंतु त्याच कारणाने या रात्रीला गावाशी बोलता आले नाही. ज्या वाड्यात आजारी म्हातारा पडून आहे किंवा मूल परीक्षेचा अभ्यास करीत आहे, त्या वाड्याला उद्देशून तिच्याकडे एकही वाक्य नव्हते. १९८७ साली गोवा राज्य झाले, त्याच सुमारास युरोपातून थेट चार्टर विमाने दाबोळीला उतरू लागली, आणि 'जागृत गोंयकारांची फौज' या संघटनेने पर्यटनाविरुद्ध निदर्शने केली. त्यांचा रोख मुख्यतः मोठ्या हॉटेलांवर आणि त्यांच्या पर्यटकांवर होता. पण गावाला न विचारता गावाचे रूप पालटते आहे, ही तक्रार किनाऱ्यावरच्या रात्रींनाही लागू पडत होती.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न त्याच दशकात अधिक उघडपणे पुढे आला. नॉटिंगहॅम येथे १९८९ साली 'डीआयवाय' नावाचा हाउस संगीताचा संच उभा राहिला. 'स्वतःच करा' असा त्या नावाचा अर्थ. स्वतःची ध्वनियंत्रणा घेऊन शेतात, जंगलात आणि गायरानांत मोफत रात्री करणे हे त्याचे ब्रीद. मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टन येथील सार्वजनिक गायरानावर डीआयवाय, 'स्पायरल ट्राइब' आणि इतर संच जमले आणि आठवडाभर तेथे वीस हजारांहून अधिक लोक राहिले. आसपासच्या रहिवाशांचा संताप आणि वृत्तपत्रांचा गदारोळ यांतून १९९४ चा फौजदारी न्याय कायदा आला. त्यात खुल्या रात्रींवर निर्बंध घालताना संगीताची व्याख्या करावी लागली, आणि ती लागोपाठच्या समान ठोक्यांच्या आधारे केली गेली. स्पायरल ट्राइबच्या सदस्यांवर खटला झाला, पण ते निर्दोष सुटले. इंग्लंडमधील संचांना नाव होते, पत्ता होता, न्यायालयात उभे राहण्याची तयारी होती. म्हणून त्यांचा पराभवही सार्वजनिक वादाचा भाग झाला. त्याच वर्षी, १९९४ च्या डिसेंबरात, पॉल ओकनफोल्ड याने बीबीसीवरून 'गोवा मिक्स' हा कार्यक्रम सादर केला, आणि हणजुण्याचा ताल घरोघर पोहोचला. नाव जगाला कळले तेव्हा ती जागा हातातून निसटू लागली होती.

५

गोव्यात अशी लढाई झाली नाही. २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषण नियम जारी केले आणि रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आली. पुढे २००२ च्या दुरुस्तीने सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवप्रसंगी, वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्यांना मिळाला, आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट कायम केली. हे नियम गोव्यासाठी केलेले नव्हते आणि त्यांमागे शांत झोपेचा न्याय्य हक्क होता. परंतु किनाऱ्यावरच्या मोफत रात्री मुख्यतः येथेच संपल्या. काही काळ त्या चोरून, दिवसा किंवा भिंतींच्या आत चालल्या. भिंत आली की दार येते, आणि दार आले की तिकीट येते. २००७ च्या डिसेंबरात कांदोळीच्या किनाऱ्यावर 'सनबर्न' हा महोत्सव सुरू झाला. त्यात प्रवेशमूल्य होते, प्रायोजक होते आणि परवाने होते. या रात्रीला अखेर नाव असलेला यजमान मिळाला. तो व्यावसायिक होता. वर्तुळाने मांडलेल्या चटयांना त्या आखणीत जागा नव्हती.

नियमाच्या भाषेत ध्वनिक्षेपक हा ध्वनिक्षेपकच आहे. त्यातून हणजुण्याचा ताल येतो की दशावताराची पायपेटी, हे तो पाहत नाही. मध्यरात्रीनंतर रंगणाऱ्या दशावतारालाही हा नियम तितकाच अडचणीचा ठरला. तरीही दशावतार संपला नाही आणि शिवोलीचा जागरही संपला नाही. ध्वनिक्षेपकाशिवायही या खेळांना उभे राहता येते, हे त्याचे एक कारण. पण तेवढे पुरेसे नाही. याआधीही गोव्यातील रात्रींवर बंदी आली होती. १७३६ सालच्या धर्मन्यायालयाच्या फर्मानाने धर्मांतरित कुटुंबांच्या अनेक रूढी, लग्नातल्या गाण्या-वाजविण्यापासून दारच्या तुळशीपर्यंत, निषिद्ध ठरविल्या. फर्मान काढणारी सत्ता ध्वनिनियमांपेक्षा कितीतरी क्रूर होती. तरीही जागर उरला, कारण वाडे, घराणी आणि राखणदार या सर्वांवर त्याची जबाबदारी वाटून दिलेली होती. एक मागे हटला तर दुसरा पुढे येई. मंदराजींचे उदाहरण याच नियमाची दुसरी बाजू दाखविते. एकट्या यजमानावर भार पडला की कला तरते, यजमान बुडतो.

हणजुण्याच्या रात्रींनी जगाला एक संगीत दिले, आणि काही काळ वेगवेगळ्या देशांच्या माणसांना पैशाचा विचार न करता एकत्र आणले. ही गोष्ट लहान नाही, आणि तिची हेटाळणी करणारा इतिहासही अपुराच ठरतो. पण त्या रात्रींनी वाळू, माड आणि चांदणे कोणाचेच नाही असे मानले. ते गावाचे होते. गावाशी बोलण्याचे जे थोडे मार्ग होते त्यांतला सर्वांत जवळचा मार्ग चटईवर बसलेल्या स्त्रियांमधून जात होता. त्यांना पाहुण्यांची भाषा कामापुरती येत होती, गावाची तर त्यांची स्वतःचीच होती. त्यांचे म्हणणे फारसे कोणी लिहून ठेवले नाही. या इतिहासाचे जे पुढचे काम बाकी आहे, ते त्यांच्यापासून सुरू व्हावे लागेल.